एकट्याने बोलायचे, तर हुंकारा कोणी द्यायचा?

कोठीघर (धागाकर्ता)

नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका गावात शेती करतो आणि गेली तीन वर्षे एकट्याने एक पॉडकास्ट चालवतो. महिन्यातून दोन भाग होतात आणि एक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा असतो. एखादे भजन किंवा गाणे, एखादी कविता आणि आजच्या जगण्यातली एखादी गोष्ट अशा तीन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवतो आणि त्यांच्याविषयी बोलतो. पूर्वी मंडपाच्या रात्री ज्यांच्या पेटीशिवाय लग्न पुढे सरकत नसे, त्या आमच्या भजनी मंडळातल्या काकांना आता डीजेमुळे कोणी बोलावत नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी मागे एक पूर्ण भाग केला होता. पॉडकास्टचे नाव मी येथे देत नाही, कारण हा धागा जाहिरातीसाठी काढलेला नाही. मला एक अडचण मांडायची आहे.

माझे ध्वनिमुद्रण कापसाच्या खोलीत होते. भाव वाढेल या आशेने वेचलेला कापूस आपल्याकडे घरातच भरून ठेवतात, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. खोलीत आढ्यापर्यंत कापूस असतो. दाराजवळ जेमतेम एक पाट मावेल एवढी जागा उरते, तेथे मी बसतो, मोबाइल ओंजळभर कापसावर टेकवून उभा करतो आणि बोलतो. कापूस आवाज असा पिऊन घेतो की भिंतीवरून काहीच परत येत नाही. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसावे लागते, पण आवाज इतका स्वच्छ येतो की तेवढे सोसायला हरकत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर कापूस विकला गेला की तीच खोली घुमू लागते. एका श्रोत्याने केवळ आवाजावरून "कापूस विकला वाटते" असे कळवले होते, आणि ते खरे होते.

अडचण अशी की त्या खोलीत माझे ऐकणारे कोणी नसते. लहानपणी आजोबा ओसरीवर गोष्ट सांगत, तेव्हा आम्हा मुलांपैकी एकाने हुंकारा द्यायचा असा नियमच होता. हुंकारा थांबला की गोष्ट थांबायची. त्यांना वाटे पोर झोपले, आणि झोपलेल्याला गोष्ट कशाला सांगायची? पुढे मला कळले की तो हुंकारा केवळ जागे असल्याची खूण नव्हता. त्याच्या सुरावरून आजोबा गोष्ट लांबवत, आवरत, कधी राक्षसाला थोडा वेळ आणखी जिवंत ठेवत. ऐकणारा गोष्ट घडवत होता.

आपल्याकडची गाण्याची आणि कवितेची बहुतेक रूपे अशीच आहेत. पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात, तेव्हा म्हणणारा एकटाच असतो, पण शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला" असे त्याने म्हटले की "हर हर महादेव" सगळे गाव म्हणते, आणि त्या गजराशिवाय झडती पुरी होत नाही. शिवाय झडतीत काय नसते? महागाई असते, कर्ज असते, बियाण्याचा भाव असतो, निवडून आलेल्याला विचारलेला जाब असतो. लय, कविता आणि चालू काळ एकत्र बांधणारा हा प्रकार पॉडकास्टच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावात आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरी हातात घेऊन एकटे उभे राहत, पण ध्रुपद समोरचा समाज उचलत असे. म्हणजे बोलणारा एक असला, तरी कार्यक्रम एकट्याचा नसे.

मला त्या बंद खोलीत बसून एकट्याने बोलताना हीच जागा रिकामी वाटते. पहिले वर्षभर मी ती शब्दांनी भरत होतो, त्यामुळे भाग ऐकताना दम लागायचा. नंतर मी प्रश्न विचारून चार सेकंद थांबू लागलो, म्हणजे ऐकणाऱ्याला मनातल्या मनात उत्तर देता यावे. परंतु एका श्रोत्याने कळवले की तुम्ही प्रश्न विचारता आणि लगेच पुढे धावता. त्यांना ती चार सेकंदे ऐकूच आली नव्हती. असे का व्हावे? एकट्याच्या बोलण्यात ऐकणाऱ्यासाठी जागा ठेवण्याचे आणखी कोणते मार्ग आपल्याला सुचतात?

जागलकरी

भाऊ, मी वाशीम जिल्ह्यातून लिहीत आहे. मी आपला पॉडकास्ट ऐकतो की दुसरा कोणाचा, ते नावाशिवाय सांगता येणार नाही, पण मी असे कार्यक्रम कसे ऐकतो ते सांगतो, कारण ते आपल्या उपयोगी पडेल.

हरभरा भरात आला की आम्हाला रात्री वावरात जागलीला जावे लागते. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) एका रात्रीत पीक लोळवतात. जागलीवर कानात इअरफोन घालून चालत नाही, कारण पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळीतली खसखस ऐकू आली पाहिजे. म्हणून मोबाइल मचाणाच्या खांबाला सुतळीने बांधून आवाज पूर्ण मोठा ठेवतो. माणसाचे बोलणे सुरू असले की डुकरे बांधाच्या अलीकडे यायला कचरतात, असा माझा अनुभव आहे. गाण्यांपेक्षा बोलणे अधिक उपयोगी पडते, कारण ते थांबत-थांबत येते आणि त्याची सवय जनावराला लवकर होत नाही.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. मी मोठ्याने उत्तर देतो. तेथे लाजण्यासारखे कोणी नसते. बोलणाऱ्याने विचारले की "यंदा तुमच्याकडे थंडी कशी आहे", तर मी "लय हाय" असे सांगून मोकळा होतो. त्यामुळे आपला हुंकारा मिळत नाही असे समजू नका. तो मिळतो, फक्त आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

एक तक्रार मात्र आहे. अशा कार्यक्रमांत ढोलकी असलेली भजने लावतात, तेव्हा मोबाइलवर ढोलकीची नुसती टिकटिक ऐकू येते. तिचा घुमारा कुठे जातो?

मुद्रणकक्ष

मी काही वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम केले आहे, त्यामुळे या दोन्ही प्रश्नांविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

ढोलकीच्या घुमाऱ्याचे कारण सोपे आहे. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा असतो आणि खर्जातला आवाज निर्माण करण्यासाठी जेवढी हवा हलवावी लागते, तेवढी तो हलवू शकत नाही. डग्ग्याचा नाद, तंबोऱ्याची खर्जाची तार, ढोलकीची धूम हे सर्व तेथे गळून पडते आणि शाईची थाप तेवढी उरते. उलट खंजिरीच्या चकत्या, टाळ, चिपळ्या आणि माणसाचा मधल्या पट्टीतला आवाज त्याच स्पीकरवर खणखणीत येतो. धागाकर्त्यांचे श्रोते वावरात मोबाइलवर ऐकत असतील, तर त्यांनी वाद्ये त्या हिशेबाने निवडावीत. खंजिरी त्यांच्या प्रदेशातलीच आहे आणि या छोट्या स्पीकरसाठीच घडवल्यासारखी आहे.

आता गायब झालेल्या चार सेकंदांविषयी. पॉडकास्ट ऐकण्याच्या अनेक ॲपमध्ये शांतता कापून टाकण्याची सोय असते. वेळ वाचावा म्हणून श्रोता ती चालू ठेवतो आणि विसरून जातो. आवाज ठराविक पातळीच्या खाली गेला की ॲप तो तुकडा आखडून घेते. कापसाने भरलेल्या खोलीत आपण थांबता, तेव्हा तेथे अक्षरशः काहीच नसते, आणि ॲपला ती फुकट गेलेली जागा वाटते. आपण मन लावून ठेवलेला विराम कापला जातो तो यामुळे.

उपाय असा की विराम रिकामा ठेवू नये. थांबताना दार उघडे ठेवा, बाहेरचे रातकिडे आत येऊ द्या, किंवा रात्रीच्या वावराचा पाच मिनिटांचा आवाज वेगळा मुद्रित करून विरामाखाली हलका अंथरा. मग त्या चार सेकंदांत काहीतरी जिवंत असल्याचे ॲपलाही कळेल आणि श्रोत्यालाही. आवाज "स्वच्छ" करणारी सोय मात्र जपून वापरा, कारण तिला रातकिडे म्हणजे कचरा वाटतो.

आणखी दोन गोष्टी. एकट्याचे बोलणे असेल, तर फाइल स्टिरिओ करण्याची गरज नाही. मोनो, ६४ केबीपीएस ठेवली तर पंचवीस मिनिटांचा भाग साधारण १२ एमबीमध्ये बसतो आणि तो बसस्थानकावर नेटवर्क असताना उतरवून घेता येतो. लाऊडनेस मोनोसाठी उणे १९ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजण्याच्या एककाच्या) आसपास ठेवला की श्रोत्याला आवाज सारखा कमी-जास्त करावा लागत नाही.

कोठीघर

मुद्रणकक्ष, आपले कसे आभार मानावेत ते समजत नाही. मी त्या श्रोत्याला आत्ताच विचारले आणि त्यांच्या ॲपमध्ये ती सोय खरोखरच चालू होती. दोन वर्षे मी शांतता ठेवत होतो आणि यंत्र ती गिळत होते.

काल रात्री नऊनंतर मी दार उघडे ठेवून पुन्हा मुद्रण केले. रातकिडे होते, आमच्या कोठ्यातल्या बैलाच्या गळ्यातली घंटी दोनदा वाजली आणि शेतपंपाला रात्रपाळीची वीज आल्यावर दूरवर एक मोटार सुरू झाली. तो विराम पुन्हा ऐकला, तेव्हा पहिल्यांदा मला वाटले की मी कोणासमोर तरी बसलो आहे.

रदीफ

अमरावतीहून लिहीत आहे. मराठी गझलेला ज्यांनी घराघरात नेले त्या सुरेश भट (१९३२–२००३) यांच्या या गावात मुशायऱ्याला बसण्याची सवय पुष्कळांना आहे, म्हणून तेथील एक रीत सांगावीशी वाटते.

गझलेच्या शेरात ऐकणाऱ्याची जागा आधीच कोरलेली असते. मतल्याच्या (गझलेच्या पहिल्या शेराच्या) दोन ओळींत काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारा शब्द) कानावर पडला की पुढच्या प्रत्येक शेराची पहिली ओळ ऐकताना श्रोता दुसरी ओळ कोठे जाऊन उतरणार याचा अंदाज बांधू लागतो. म्हणून शायर पहिली ओळ म्हणून लगेच दुसरी म्हणत नाही. समोरचे लोक ती ओळ उचलून धरतात, तो ती पुन्हा म्हणतो, कधी तिसऱ्यांदाही म्हणतो, आणि सगळी मैफल ताणली गेल्यावर मग दुसरी ओळ सोडतो. श्रोत्याचा अंदाज चुकला तरी आनंद होतो आणि बरोबर आला तरी होतो.

बहुतेक पॉडकास्टमध्ये कविता बातमीसारखी वाचली जाते, एकदा वाचली आणि संपली. डोळ्यांनी वाचणारा मागे वळून ओळ पुन्हा पाहू शकतो, कानाने ऐकणाऱ्याला ती सोय नसते. माझी विनंती आहे की पहिली ओळ निदान दोनदा म्हणावी. पुनरुक्तीने वेळ जातो असे वाटेल, पण हुंकाऱ्यासाठी रिकाम्या विरामापेक्षा ही जागा मला अधिक नैसर्गिक वाटते.

धानपट्टा

मी गडचिरोलीकडची आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. विराम, रातकिडे, पुनरावृत्ती हे सर्व ठीक आहे, परंतु मूळ प्रश्न जर असा असेल की समोर कोणी नाही, तर कोणाला तरी समोर बसवावे, हा सरळ मार्ग आपण का टाळता? आमच्याकडे धानाची कापणी-मळणी आटोपली की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि नाटक रात्रभर चालते. प्रेक्षकांना गाणे आवडले की ते पुन्हा म्हणायला लावतात, नाटकाचे कथानक तेवढा वेळ थांबून राहते. नटाला हे समोरच्या माणसांकडून मिळते, तंत्रातून मिळत नाही.

गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) कीर्तनाचा दाखला येथे कोणीतरी द्यायला हवा होता. ते कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तरे लोकांकडूनच वदवून घेत, हे सर्वश्रुत आहे. पण ती उत्तरे येत, कारण प्रश्न लोकांच्या घरातले असत. कर्ज काढून सण करावा का, देवापुढे मुके जनावर कापावे का, असे विचारल्यावर गप्प राहणे कोणाला शक्य नव्हते. थांबण्याची सेकंदे मोजण्याआधी आपण विचारता ते प्रश्न तसे आहेत का, हे धागाकर्त्यांनी तपासावे, असे मी आदराने सुचवते. "तुमच्याकडे थंडी कशी आहे" या प्रश्नाला उत्तर मिळेल, पण त्या उत्तराने ऐकणाऱ्याच्या आयुष्यात काही हलणार नाही.

कोठीघर

ताई, आपला दुसरा मुद्दा मला मनापासून पटला आणि थोडा बोचलाही. मी जुने भाग काढून पाहिले. माझे बरेच प्रश्न शोभेचे आहेत. ज्या भागात मी विचारले होते की "वडिलांच्या मोबाइलमधला त्यांचा आवाज तुम्ही त्यांच्या पश्चात ऐकला आहे का", त्या एका भागाला मात्र इतर कोणत्याही भागापेक्षा जास्त उत्तरे आली होती, आणि बहुतेक आवाजी संदेशांच्या रूपात होती. त्यातले दोन संदेश नुसते श्वासाचे होते.

पहिल्या मुद्द्याविषयी माझे म्हणणे असे. मी दोनदा मित्राला समोर बसवून पाहिले. आम्ही दोघे एकमेकांत इतके रंगलो की ऐकणारा बाहेर राहिला. गप्पांना हुंकाऱ्याची गरज नसते, कारण तो समोरच्या खुर्चीतून मिळालेला असतो. एकट्याने बोलण्यात जी ओढ असते, ती ऐकणाऱ्याकडेच जाते, म्हणून तो प्रकार मला सोडवत नाही.

कलम बावन्न

एका बाजूच्या विषयावर लिहितो, पण तो संगीताच्या पॉडकास्टला टाळता येत नाही. आपण भागात गाणी कोणत्या हक्काने वाजवता?

कोठीघर

आता वाजवत नाही. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या गाण्याची दोन मिनिटे वाजवली, तर ज्या संकेतस्थळावर भाग ठेवला होता, त्यांनी एका ओळीची सूचना देऊन पूर्ण भागच काढून टाकला. चर्चेसाठी घेतले होते, असे मी तीनदा लिहिले, पण कोणा माणसाने ते वाचले असे वाटले नाही. तेव्हापासून मी स्वतः गुणगुणतो किंवा आमच्या मंडळाकडून म्हणवून घेतो.

कलम बावन्न

आपल्यासारख्या अनेकांचे असे झाले आहे, म्हणून नियम थोडक्यात लिहितो. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. हे दोन हक्क वेगळे आहेत, आणि गोंधळ येथेच होतो.

विदर्भातलेच उदाहरण घ्या. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३० च्या दशकात तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताच्या आरंभाशी ती जोडली जाते. त्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क केव्हाच संपला आहे. पण कवी २००० साली गेले, म्हणून कवितेचा हक्क २०६० अखेरपर्यंत राहील. तबकडी मोकळी आणि त्यावरचे शब्द बांधलेले, अशी ही स्थिती आहे. तुकडोजी महाराजांच्या रचनांना हेच गणित लावले तर २०२८ चे अखेर येते.

कलम ५२ प्रमाणे टीका किंवा समीक्षेसाठी कृतीचा रास्त उपयोग करता येतो. मात्र "तीस सेकंद चालतात" असा जो समज आहे, त्याला कायद्यात आधार नाही. जेवढ्यावर आपण खरोखर बोलता, तेवढाच तुकडा घ्यावा. जात्यावरच्या ओव्या, झडत्या, भुलाबाईची गाणी यांना एक कर्ता नसतो, त्यामुळे ती आपल्या मंडळाकडून म्हणवून घेतली तर ही अडचण येत नाही. दुसऱ्या कोणी मुद्रित केलेली प्रत मात्र उचलू नये.

ओटीभर

ओव्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते. आम्ही बाया कापूस वेचायला जातो तेव्हा मोबाइल पोलक्यात किंवा डोक्याच्या फडक्यात खोचलेला असतो. दोन्ही हात बोंडावर असतात आणि कापूस ओटीत जात असतो, म्हणून मध्येच थांबवणे, मागे नेणे जमत नाही. एकीच्या मोबाइलवर चार तासांतल्या (तास म्हणजे पऱ्हाटीची ओळ) चौघी ऐकतो.

माझी आजी सांगे की जात्यावर दोघी बसल्या की एकीने ओवी धरायची आणि दुसरीने पुढे न्यायची. हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हे मी वाचले, तेव्हा मला आजीच्या ओव्या लिहून ठेवल्या नाहीत याचे फार वाईट वाटले. मला एवढेच सुचवायचे आहे की आपण ओवी पूर्ण म्हणू नका. अर्धी म्हणा आणि थांबा. आमच्यातल्या कमलबाईसारख्या सत्तरीच्या बाईला पुढचा चरण येतोच, आणि नाही आला तर ती तेथल्या तेथे जोडते. मागच्या आठवड्यात तिने ओवीत ट्रॅक्टर आणला.



मुद्रणकक्ष

ओटीभर ताई, ही सूचना सर्वांत मोलाची आहे. धागाकर्त्यांना एवढेच सांगतो की ओवीचा अर्धा चरण सोडल्यावर चार सेकंद पुरणार नाहीत. जात्याची लय धरून मोजा, दुसरा चरण संथपणे म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढा ठेवा, आणि खाली जात्याच्या घरघरीचा आवाज चालू ठेवा. म्हणणारीला सूर आणि वेळ दोन्ही त्यातून मिळतील. मोबाइलच्या स्पीकरवर घरघर नीट येण्यासाठी माइक खुंट्याजवळ न ठेवता पाळ्यांच्या फटीजवळ ठेवा, तेथे पीठ पडण्याची बारीक सरसर मिळते.

जागलकरी

आणि तो भाग संध्याकाळच्या आत टाका, भाऊ. रात्री वावरात नेटवर्क मिळत नाही.

कोठीघर

मंडळी, ठरले. जाते आमच्याकडे आहे, काकूंच्या घराच्या मागच्या छपरीत पालथे घातलेले आहे आणि त्याचा खुंटा नवा करावा लागेल. सुताराला सांगितले आहे. काकू आणि त्यांची जाऊ दोघी ओव्या म्हणायला तयार आहेत, मात्र त्यांची अट अशी की मी खोलीत थांबायचे नाही. त्यामुळे मोबाइल चालू करून मी बाहेर जाईन आणि या वेळी हुंकारा देण्याचे काम माझ्याकडे राहील. अर्ध्या ओव्या मी त्यातूनच निवडीन, आणि भाग बुधवारी दुपारी चारच्या आत टाकीन.

शुक्रवारी कापसाची गाडी भरायची आहे. त्यानंतर खोली घुमेल, म्हणून पुढच्या दोन भागांचे बोलणे मी गुरुवारच्या रात्रीपर्यंत मुद्रित करून ठेवतो. गझलेचा भाग त्यातला पहिला आहे. रदीफ, पहिली ओळ मी तीनदा म्हणणार आहे.